सुखाचे मूळ आणि दुःखातील धीर

देवदर्शनास निघालेल्या भाविकाच्या मनात काही ना काही मागणे असतेच. कोणाला अपत्य हवे असते, कोणाच्या घरातील दुखणे बरे व्हावयाचे असते, कोणाचा शिकलेला मुलगा नोकरीवाचून घरी बसलेला असतो, तर कोणाच्या शेतावर सलग दोन वर्षे पाऊस रुसलेला असतो. मागणी निरनिराळी असली तरी त्या सर्वांच्या तळाशी इच्छा एकच असते, ‘देवा, सुखी ठेव.’ हे मागणे गैर नाही. संतांनीही त्याचा कधी उपहास केलेला नाही. मात्र जे मागावयाचे ते सुख नेमके कशात आहे, आणि मागूनही दुःखच पदरी पडले तर माणसाने काय करावे, या दोन प्रश्नांचा थोडा विचार करून जो गाभाऱ्यासमोर हात जोडतो, त्याचे दर्शन अधिक सफल होते. त्या विचारास साहाय्य व्हावे एवढाच या निरूपणाचा हेतू आहे.

सुखाचा शोध

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात देवर्षी नारदांची एक कथा आली आहे. नारद सनत्कुमारांकडे शिष्यभावाने गेले. ‘तुम्ही आजवर काय शिकलात ते आधी सांगा,’ असे सनत्कुमारांनी म्हणताच नारदांनी आपल्या विद्यांची मोठी यादी सांगितली. चारही वेद झाले, इतिहास-पुराणे झाली, गणित झाले, नक्षत्रविद्या झाली, तर्क झाला. एवढे सांगून नारद म्हणाले की, इतके सारे जाणूनही मी शोकातून सुटलेलो नाही. त्यावर सनत्कुमारांनी त्यांना एकेक पायरी चढवीत अखेर जेथे आणून सोडले, तेथे सुखाची एक साधी कसोटी सापडते. जे अल्प आहे त्यात सुख नाही. जे विशाल आहे त्यातच सुख आहे. उपनिषदाने या विशालतेला ‘भूमा’ असे नाव दिले आहे.

विद्वानांनी या शब्दाचे पुष्कळ गहन अर्थ सांगितले आहेत आणि ते योग्यच आहेत. परंतु प्रपंचात राहणाऱ्या माणसाने त्याचा एक व्यवहारातील अर्थ अवश्य ध्यानात घ्यावा. ज्या सुखाची सीमा ‘मी आणि माझे’ येथे संपते ते अल्प होय. ते मिळाले तरी राखण्याची चिंता लागते आणि गेले तर घर रिते होते. ज्या सुखात दुसऱ्यास जागा असते ते मात्र वाढत जाते. घरात एकट्याने खाल्लेले पक्वान्न आणि पंगतीत वाढलेली साधी आमटी-भाकरी यांतील अंतर ज्याने अनुभवले आहे, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातही सुखाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. एक सुख आरंभी विषासारखे कडू वाटते आणि परिणामी अमृतासारखे होते, ते सात्त्विक. दुसरे आरंभी गोड आणि शेवटी विषासारखे, ते राजस. तिसरे आरंभापासून अखेरपर्यंत मनुष्याला झोप, आळस आणि प्रमाद यांत गुंगवून ठेवते, ते तामस. या विवेचनाचे मर्म असे की, सुखाचा आणि कष्टाचा विरोध नाही. मृगाच्या तोंडावर पाठ भाजणाऱ्या उन्हात शेत तयार करणारा शेतकरी, पहाटे उठून अभ्यासास बसणारा विद्यार्थी, रात्र रात्र जागून आजारी सासऱ्याची सेवा करणारी सून, हे सर्व त्या वेळी कष्टातच असतात. परंतु पुढे ज्या समाधानाने ते मागे वळून पाहतात, ते समाधान विकत घ्यावयाचे म्हटले तर कोठल्याही बाजारात मिळत नाही.

येथे कोणीही विचारी भाविक एक शंका काढील, आणि ती काढलीच पाहिजे. ‘हे सर्व पोट भरलेल्याने बोलावे. ज्याच्या घरात दाणा नाही, ज्याचे माणूस डोळ्यांदेखत गेले, त्याला विशाल सुखाचे आणि सात्त्विक सुखाचे काय सांगता?’ या शंकेचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात शोधण्यापेक्षा ज्याने हे सर्व सोसले त्याच्या चरित्रात शोधावे. महाराष्ट्रात असे चरित्र शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. इंद्रायणीच्या काठी देहू गावी ते घडले आहे.

देहूच्या वाण्याचे घर

जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचा जन्म इ. स. १६०८ मध्ये झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु पुढील हकिकतीविषयी फारसा वाद नाही. घराणे सुखवस्तू होते. शेती होती, बाजारपेठेतील महाजनकी होती, सावकारी आणि व्यापार होता. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी चालत आलेली होती. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घर भरलेले होते. सुखाची सामान्य माणसाची जी कल्पना असते, तीत उणे असे काही नव्हते.

पुढे एकेक खांब निखळत गेला. आई-वडील गेले. थोरल्या भावाची पत्नी गेली आणि विरक्त झालेला भाऊ तीर्थयात्रेस निघून गेला. सतराअठरा वर्षांच्या तुकोबांवर सगळ्या घराचा भार येऊन पडला. त्यातच इ. स. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरात या प्रांतांवर भीषण दुष्काळ कोसळला. शाहजहान बादशहाच्या दरबारी इतिहासातही त्याची नोंद झालेली आहे. अन्नावाचून गावेच्या गावे ओस पडली, गुरे चाऱ्यावाचून मेली. त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे कसबा उद्ध्वस्त केला. दुष्काळ आणि लढाई अशा दुहेरी पात्यात हा मुलूख सापडला होता.

या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, गुरे गेली, पत गेली, दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली. मुलगा संतूही गेला. हे सर्व तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतःच सांगून ठेवले आहे. ते सांगताना त्यांनी कोठेही आव आणलेला नाही. लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटली, आपल्याच जिण्याचा कंटाळा आला, हेही त्यांनी लपविलेले नाही. ज्यांना आज अवघा महाराष्ट्र जगद्गुरू म्हणून वंदन करतो, त्यांनी ‘मी खचलो होतो’ असे मोकळेपणाने सांगावे, ही गोष्ट प्रत्येक दुःखिताने मनाशी जपून ठेवण्यासारखी आहे. खचणे हे पाप नाही. खचल्यावर पुढे काय केले, यावरून माणसाची ओळख पटते.

दुःखात हाती घेतलेली तीन कामे

तुकोबांनी पुढे काय केले, हे नीट पाहावे. पहिले काम अगदी साधे होते. गावातील पूर्वजांचे विठ्ठल मंदिर मोडकळीस आले होते. ते दुरुस्त करावे असे त्यांच्या मनाने घेतले. ज्याचे स्वतःचे घर मोडले होते त्याने देवाचे घर सावरावयास घेतले. त्या वेळी त्यांच्यापाशी पैसा नव्हता, मनुष्यबळ नव्हते. होते ते दोन हात. परंपरा सांगते की, माती-दगडाचे काम त्यांनी स्वतः केले. शोकात बुडालेल्या मनाला केवळ विचारांनी वर येता येत नाही, हाताला काम लागते, ही गोष्ट यात दिसते. मंदिर उभे राहत गेले तसे आतील मनही उभे राहत गेले असावे.

दुसरे काम अभ्यासाचे होते. एकादशीच्या कीर्तनात ते उभे राहू लागले. आरंभी आपले चित्त त्यात रमत नव्हते, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे. तरीही त्यांनी पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली आणि कीर्तनकाराच्या मागे राहून ध्रुपद धरले. भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांवरील एकांतात वाचन, मनन आणि नामस्मरण चालू राहिले. म्हणजे आधी ओढ आणि मग साधना असा क्रम तेथे नव्हता. साधना धरून ठेवली आणि ओढ मागाहून आली. ‘मन लागत नाही’ म्हणून पूजा, जप किंवा पारायण सोडून देणाऱ्या भाविकांनी याचा अवश्य विचार करावा. मन लागण्याची वाट पाहत बसू नये. नेम चालू ठेवावा. मन आपण होऊन त्याच्या मागे येते.

तिसरे काम सर्वांत अवघड होते. वडिलांच्या सावकारीची खते म्हणजे कर्जरोखे घरात होते. दुष्काळाने नाडलेल्या कुळांकडून ते कर्ज वसूल करून गेलेली पत पुन्हा मिळविण्याचा मार्ग मोकळा होता. तुकोबांनी ती खते इंद्रायणीत बुडविण्याचे ठरविले. धाकटे बंधू कान्होबा यांना ते मानवेना. त्यांना प्रपंचाची काळजी होती. तेव्हा तुकोबांनी खतांची वाटणी केली, अर्धी कान्होबांच्या हवाली केली आणि केवळ आपल्या वाट्याची नदीत सोडली, अशी हकिकत परंपरेने जपली आहे.

या प्रसंगातील दोन बारकावे पाहण्यासारखे आहेत. एक असा की, जो स्वतः उपासमारीतून गेला, त्याने दुसऱ्याच्या उपासमारीवर आपले घर उभे केले नाही. दुःखाने माणूस दोन तऱ्हांनी बदलतो. ‘मी सोसले, आता दुसऱ्यानेही सोसावे’ असे म्हणणारा कठोर होतो. ‘मी सोसले, आता दुसऱ्यास सोसावे लागू नये’ असे म्हणणारा संत होतो. दुसरा बारकावा असा की, त्याग त्यांनी आपल्याच वाट्याचा केला. भावावर आपले वैराग्य लादले नाही. घरातील एकाच्या श्रद्धेपायी दुसऱ्याची परवड होत असेल, तर ती श्रद्धा तपासून पाहावी. दान द्यावयाचे ते आपल्या वाट्यातून, आणि घरच्यांना विश्वासात घेऊन.

तेरा दिवसांचा प्रसंग

एवढे झाल्यावर दुःख संपले असेल, असे वाटेल. तसे झाले नाही. दुसरी पत्नी जिजाई हिला गरिबीतच संसार रेटावा लागला. लोक तिला कजाग म्हणतात. परंतु मुलाबाळांना वाढवून भंडारा डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाणाऱ्या या माउलीचा धीरही संतांच्या धीराहून उणा नव्हता, हे विसरू नये. पुढे तुकोबांच्या कवित्वास विरोध झाला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या. आयुष्यभराची साधना पाण्याखाली गेली. तुकोबा काठावरील शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले आणि त्यानंतर वह्या कोरड्या वर आल्या, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. ती शिळा आजही देहू येथे भाविकांच्या दर्शनासाठी आहे.

वह्या तरल्या याचे सर्वांना नवल वाटते. त्याआधीच्या तेरा दिवसांचा विचार मात्र थोडेच करतात. त्या दिवसांत तुकोबा देवाशी गोड बोलत नव्हते. ते भांडत होते, जाब विचारीत होते, रुसत होते. त्यांच्या अभंगांत देवाशी केलेले असे भांडण ठिकठिकाणी आढळते. यातून एक फार मोठा दिलासा मिळतो. दुःख गिळून चेहऱ्यावर हसू ठेवणे, म्हणजेच भक्ती, अशी एक चुकीची समजूत आहे. वारकरी परंपरेने ती कधी मान्य केली नाही. येथे देव माउली आहे, आणि आईपुढे लेकराने रडू नये तर कोणापुढे रडावे? देवाजवळ तक्रार करणारा माणूस देवापासून दूर गेलेला नसतो. तोंड फिरवून जो निघून जातो तो दूर जातो. तुकोबा रुसले, पण शिळेवरून उठले नाहीत.

धीर या शब्दाचा अर्थ येथे उलगडतो. धीर म्हणजे दुःख न वाटणे नव्हे. दुःख वाटत असताना हातातील चांगले काम न सोडणे, म्हणजे धीर. विरोध करणाऱ्या रामेश्वर भट्टांविषयी तुकोबांनी वैर धरले नाही आणि पुढे तेच रामेश्वर भट्ट तुकोबांचे स्तुतिगायक झाले. चाकणच्या संताजी जगनाडे यांच्यासारख्या सोबत्यांनी अभंग लिहून जपले. आज गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. इ. स. १६५० मध्ये तुकोबांनी देह ठेवला तेव्हा त्यांच्या घरात संपत्ती नव्हती. परंतु त्यांनी मागे ठेवलेल्या ठेव्यावर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी आपापली दुःखे निभावून नेली आहेत.

सुखी कोणाला म्हणावे, याचे उत्तर आता देता येते. तुकोबांच्या घरी दुष्काळ आला म्हणून ते अभागी ठरले नाहीत, आणि वह्या तरल्या एवढ्यामुळे ते सुखी झाले नाहीत. ज्याच्या जगण्याला एक धारणा आहे, ज्याच्या हाताला सत्कार्य आहे आणि ज्याच्या मनात दुसऱ्यासाठी जागा आहे, तो दुःखातही रिता होत नाही. हे तीन नसतील तर भरल्या घरातही माणूस उपाशी राहतो.

संगतीचे बळ

येथे आणखी एक सावधानता बाळगली पाहिजे. धीर धरणे म्हणजे एकट्याने सारे सहन करीत बसणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली पालखी रोटी घाट, बारामती, इंदापूर, अकलूज अशी मजल दरमजल करीत पंढरीस पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट, आषाढातला पाऊस, चिखल, उघड्यावरचा मुक्काम. वारकऱ्यांत ऐंशी वर्षांचे वृद्ध असतात, तान्हे मूल कडेवर घेतलेल्या माता असतात. यांतील कितीतरी जण एकटे असते तर दुसऱ्या मुक्कामापुढे जाऊ शकले नसते. दिंडी त्यांना नेते. पुढच्याचे पाऊल पडते म्हणून मागच्याचे पाऊल पडते. टाळाचा ठेका चुकला तर शेजारचा सावरून घेतो, पाय सुजला तर कोणीतरी तेल चोळते, आणि वाटेवरच्या गावातील अनोळखी घर भाकरी-पिठले घेऊन उभे असते. पंढरीस पोहोचल्यावर गर्दीमुळे अनेकांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. ते कळसाचे दर्शन घेतात आणि तृप्त मनाने परततात. चालताना जे मिळाले ते त्यांच्या पदरात आधीच पडलेले असते.

म्हणून ज्याच्यावर संकट आले आहे त्याने दिंडी सोडू नये. घरच्यांशी बोलावे, शेजाऱ्याशी बोलावे, मित्रापाशी मन मोकळे करावे. कर्जाचा डोंगर झाला असेल तर ते लपवून एकट्याने कुढत बसू नये. जाणत्याचा सल्ला घ्यावा. शरीर आजारी पडले तर जसे वैद्याकडे जावे लागते, तसेच मन आजारी पडल्यावरही डॉक्टरांकडे जावे, त्यात कमीपणा काहीच नाही. औषध घेणे आणि देवावर श्रद्धा ठेवणे या दोन गोष्टींत विरोध नाही. मदत मागणाऱ्याची श्रद्धा कमी पडली, असे कोणी म्हणू नये. देव मदतीस येतो तो बहुधा माणसाच्याच रूपाने येतो.

ज्यांना दिले आहे त्यांचे कर्तव्य

हा उपदेश केवळ दुःखितासाठी नाही. ज्यांच्या घरी सध्या बरे चालले आहे, त्यांच्यासाठी तर तो अधिकच आहे. दुसऱ्याच्या दारी भूक उभी असताना त्याला धीराचे चार शब्द सांगून परत पाठविणे, हा धर्म नव्हे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत यांची कथा सर्वांना परिचित आहे. बिदरच्या राज्यात ते अधिकारी होते. दुष्काळात लोक तडफडू लागले तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली. त्याची शिक्षा काय होऊ शकते, हे ते जाणून होते. पुढे पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत बिदरच्या दरबारी भरली, असे कथा सांगते. भगवंताने धावून यावे असे पंतांनी काय केले होते? त्यांनी भुकेलेल्यास सबुरीचा उपदेश न करता धान्य मोजून दिले होते.

अलीकडच्या काळातील उदाहरणही महाराष्ट्रापाशी आहे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना आजही आहे. विहिरी आटल्या, जनावरे विकावी लागली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. कामांवरील मजुरांना सुकडी वाटली गेली. परंतु त्या वेळी महाराष्ट्राने नुसता धीर धरला नाही. धीराला काम जोडून दिले. दुष्काळी कामांवर लाखो स्त्री-पुरुष खडी फोडीत होते, पाझर तलाव आणि नालाबांध बांधीत होते, रस्ते तयार करीत होते. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ज्याच्या हाताला काम नाही त्याने मागितल्यास काम मिळालेच पाहिजे, हे तत्त्व या राज्याने मान्य केले. १६३० च्या दुष्काळात गावे ओस पडली. १९७२ मध्ये हाल फार झाले, परंतु माणसांना कामाचा आधार मिळाला. दोन्ही वेळी आभाळाने पाठ फिरविली होती. मधल्या काळात फरक पडला तो माणसाने माणसाची जबाबदारी घेतल्याने.

दान देणाऱ्या भाविकाने हे लक्षात ठेवावे. देवस्थानाच्या अन्नछत्रात पानावर पडणारा घास, धर्मशाळेतील अंथरूण, गरजू विद्यार्थ्यास मिळणारी पुस्तके, रुग्णास मिळणारे औषध, या सर्वांतून देवाचीच पूजा घडते. दान किती, याला महत्त्व नाही. पंगतीत स्वतः वाढण्यास उभे राहणे, आपल्या गावातील एका मुलीच्या शिक्षणाचा भार उचलणे, शेजारच्या एकाकी वृद्धास आठवड्यातून एकदा भेटणे, हेही दानच होय. दान केल्यावर पावती घरी न्यावी, परंतु अहंकार येथेच ठेवून जावा. ज्याला दिले त्याच्या डोळ्यांत उपकाराचे ओझे दिसू नये, अशा रीतीने द्यावे. सनत्कुमारांनी नारदांना सांगितलेली विशालता संसारी माणसाला अनुभवावयाची असेल, तर तिचा हा सर्वांत सोपा दरवाजा आहे.

मागणे कसे असावे

आळंदीच्या चार भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते. त्यांच्या आई-वडिलांना देहत्याग करावा लागला. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांतील ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण केली आणि ग्रंथाच्या अखेरीस देवापाशी प्रसाद मागितला. त्या पसायदानात स्वतःसाठी एकही मागणे नाही. ज्या जगाने छळले, त्याच जगाचे भले व्हावे, एवढेच मागितले आहे. सोळाव्या वर्षाच्या आसपास हे कसे साधले असेल, याचा विचार करताना मन थक्क होते.

सामान्य माणसाला एवढी उंची गाठता येणार नाही. तो आपल्या मुलाबाळांसाठी मागणारच, आणि त्याने मागावे. परंतु त्या मागण्याला एक जोड द्यावी. ‘देवा, माझे दुखणे बरे कर’ असे म्हणताना त्याच दुखण्याने रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्याचेही स्मरण करावे. ‘माझ्या शेतावर पाऊस पाड’ असे म्हणताना शिवेपलीकडच्या शेताचेही नाव घ्यावे. आणि सर्वांत शेवटी एवढे मागावे की, जे टळण्यासारखे आहे ते टाळण्याची बुद्धी दे, जे टळणारे नाही ते सोसताना हात सोडू नकोस, आणि माझ्या दुःखाने माझे मन कोते होऊ देऊ नकोस.

असे मागणारा भाविक मंदिराची पायरी उतरतो तेव्हा त्याची अडचण कदाचित तशीच असते. घरी तेच आजारपण, तेच कर्ज, तीच चिंता त्याची वाट पाहत असते. तथापि तो आता त्या चिंतेपुढे एकटा नसतो. मोडलेल्या देवळाचा पहिला दगड उचलण्याएवढे बळ त्याच्या हातांत आलेले असते. तीर्थयात्रेचे फळ यालाच म्हणतात. प्रसादाच्या पुडीबरोबर हे फळही प्रत्येकाने आपल्या घरी न्यावे आणि वाटेत भेटेल त्याला त्यातील थोडे द्यावे.

सर्व भाविकांचे प्रवास सुखरूप होवोत, दुःखितांना धीर लाभो, सुखितांना दातृत्व लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥